ऑर्किडची बाहेर आलेली मुळं कापू नका

'ऑर्किड फार वाढलं तर कुंडीबाहेरची मुळं आणि पानं गळालेले दांडे छाटा, झाड आटोपशीर राहतं,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गुलाब-जास्वंदीला छाटणी मानवते, म्हणून तो पटतोही. आपल्याकडे घरोघरी असलेल्या डेंड्रोबियम या ऑर्किडला मात्र त्यानं इजाच होते.

सह्याद्रीतली सीतेची वेणी आठवा, तीही ऑर्किडच. ती झाडाच्या फांदीवर वाढते, मुळं उघड्या हवेत. डेंड्रोबियमही मूळचं तसंच. बाहेरच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं, ते पाणी शोषतं. खात्री करायची तर कोरड्या मुळावर पाणी शिंपडा. मिनिटभरात चंदेरी रंग जाऊन हिरवा दिसू लागतो. म्हणजे मूळ जिवंत आहे. दाबल्यावर पोकळ, पिचपिचीत लागलं तरच कापा.

दांड्यांचंही तेच. पानं गळाली तरी टणक दांड्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं, नवा कोंब त्यावर पोसतो. जुन्या दांड्यावर पुन्हा फुलं आलेली मी कितीदा पाहिली आहेत! पिवळा, पूर्ण सुकलेला दांडा खुशाल काढा.

मग आकार कमी कसा करायचा? विभागणी करून. नव्या कोंबाला मुळांची हिरवी टोकं फुटू लागली की झाड बाहेर काढा, स्वच्छ सुरीनं गड्डा तोडा. प्रत्येक भागात किमान तीन-चार दांडे हवेतच. एकेकटा दांडा लावला तर फुलांसाठी बराच काळ थांबावं लागतं. नारळाची सोडणं, कोळसा, विटांचे तुकडे भरून बेताच्याच कुंडीत लावा.