घरकुलाचा अर्ज (कोकण)

पक्के घर नसलेल्या कुटुंबाने सरकारी अर्थसाहाय्याने घर मिळवण्यासाठी करावयाचा अर्ज आणि त्यामागची कागदपत्रांची खटपट. गावात या साऱ्याला मिळून ‘घरकुलाचं प्रकरण’ म्हणतात. अर्जाची दारे तीन आहेत : गावात ग्रामपंचायत आणि तिच्यामागे पंचायत समिती, शहरात नगर परिषद किंवा नगरपंचायत, आणि तयार सदनिका हवी असल्यास म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, कोकण मंडळ. योजना राज्यभर त्याच असल्या, तरी कोकणातल्या अर्जाचे दुखणे वेगळे आहे. घर कच्चे आहे का, हा प्रश्न सगळीकडेच विचारला जातो. कोकणात त्याहून जड जातो तो पुढचा प्रश्न : नवे घर बांधणार ती जागा नक्की कोणाची?

जुनी माणसे अजूनही कोणत्याही सरकारी घराला ‘इंदिरा आवासचं घर’ म्हणतात. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र झाली. तिच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्याच बरोबरीने राज्याच्या योजना चालतात. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून इतर मागास वर्गासाठी मोदी आवास. रायगड, पालघर, ठाणे आणि उत्तर रत्नागिरीतल्या कातकरी वाड्यांसाठी पंतप्रधान जनमन अभियानातून (२०२३) २ लाख रुपयांचे घर आहे. अर्जदाराने यांतली एक योजना निवडायची असे कागदावर असले, तरी बहुधा ग्रामसेवकच ती निवडून देतो. (या पदाचे नाव आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहे, वाडीवर मात्र तो ग्रामसेवकच.)

म्हाडाचे कोकण मंडळ

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण डिसेंबर १९७७ मध्ये अस्तित्वात आले. त्याच्या कोकण मंडळाकडे ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत. घरे संगणकीय सोडतीने दिली जातात. अर्ज ऑनलाइन, शुल्क वस्तू व सेवा करासह ५९० रुपये, शिवाय उत्पन्न गटाप्रमाणे अनामत रक्कम. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि पती-पत्नीच्या एकत्रित उत्पन्नाचा पुरावा आधीच जोडून ठेवावा लागतो. अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाख आणि उर्वरित कोकणात ४.५ लाख, अल्प उत्पन्न गटाची अनुक्रमे ९ लाख आणि ७.५ लाख.

नावात कोकण असले, तरी या मंडळाची बहुतांश घरे विरार-बोळींज, कल्याणजवळचे शिरढोण, खोणी अशा ठिकाणी असतात. सिंधुदुर्गात ओरोससारखी एखादीच जागा सोडतीत दिसते. देवगड किंवा गुहागरच्या माणसाला हा अर्ज म्हणजे गावाकडे घर मिळवण्याचा नव्हे, मुंबईच्या उंबरठ्याशी पोहोचण्याचा मार्ग वाटतो, आणि तो भरणारा बहुधा डोंबिवलीत भाड्याने राहणारा चाकरमानीच असतो. विरार-बोळींजची अनेक घरे सोडतीत खपली नाहीत आणि मंडळाला ती ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर विकावी लागली. गरजू खूप आणि घरे रिकामी, हे एकाच मंडळात घडले. तळिये (ता. महाड) येथे जुलै २०२१ मध्ये दरड कोसळून वाडी गाडली गेली, तेव्हा पुनर्वसनाची घरे बांधण्याचे कामही म्हाडाकडेच आले होते. ते सोडतीच्या बाहेरचे काम.

यादी आणि कच्चे घर

गावातल्या घरकुलासाठी खरे तर कोरा अर्ज भरून चालत नाही, नाव यादीत असावे लागते. पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून निघाली. तीत सुटलेल्यांची पाहणी २०१८ मध्ये झाली आणि तिची ‘प्रपत्र ड’ ही यादी राज्यभर ‘ड यादी’ म्हणून प्रसिद्ध झाली. ‘ड यादीत नाव हाय काय?’ हा पंचायत समितीच्या पायरीवरचा पहिला प्रश्न. त्यानंतरचे सर्वेक्षण २०२५ मध्ये मोबाइल अॅपवर झाले. त्यात कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय होती. यादी ग्रामसभेपुढे वाचून पात्र-अपात्र ठरवावे लागते. तीत एका वाडीची नावे वर गेली की दुसऱ्या वाडीचे लोक उठून बोलतात, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब होणे हे कोणाला नवीन नाही.

कच्चे म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कोकणातले घर पाहून केलेली नाही. २०११ च्या जनगणनेत माती, गवत, बांबू, लाकूड किंवा चुन्या-सिमेंटशिवाय रचलेला दगड यांच्या भिंती कच्च्या धरल्या. छपरांत गवत, प्लास्टिक आणि हाताने घडवलेली कौले कच्ची. यंत्रावर बनलेली कौले मात्र पक्की. प्राधान्य कच्ची भिंत आणि कच्चे छप्पर दोन्ही असलेल्या एक-दोन खोल्यांच्या घराला. आता कोकणातले जुने घर पाहा. भिंती मातीत बसवलेल्या जांभ्याच्या किंवा नुसत्या मातीच्या, पावसाळ्यात खालून ओल चढून फुगलेल्या. पण वर मंगलोरी कौले, म्हणजे कारखान्यातली. त्या कौलांनी घर पक्क्याच्या बाजूला झुकते. वासे वाळवीने खाल्ले आहेत, रीप मोडून कौले ठिकठिकाणी सरकली आहेत, हे त्या रकान्यात मावत नाही. हाताने घडवलेली नळ्याची कौले बदलून मंगलोरी घालण्यासाठी ज्याने कर्ज काढले, तो शेजाऱ्यापेक्षा यादीत खाली गेला.

मच्छीमारांच्या वाट्याला दुसरा रकाना आला. अपात्रतेच्या मूळ निकषांत दुचाकी, फ्रिज, दूरध्वनी यांच्या जोडीला यांत्रिक मासेमारी होडीही होती. दहा-बारा हात लांबीच्या होडीला बाहेरून इंजिन बसवणारा कोळी किंवा गाबीत त्यामुळे ट्रॉलरच्या मालकाच्या ओळीत जाऊन बसला. २०२४ मध्ये हे निकष सैल झाले. दुचाकी, फ्रिज, दूरध्वनी आणि होडी वगळली गेली आणि कुटुंबातील कोणाचेही मासिक उत्पन्न १०,००० ऐवजी १५,००० रुपयांपर्यंत चालेल असे ठरले. मधल्या आठ वर्षांत बाद झालेल्यांना पुन्हा सर्वेक्षणात यावे लागले.

विभक्त कुटुंबाचा प्रश्नही इथलाच. मूळघर आजोबांच्या नावावर. ओटी थोरल्याकडे, माजघर मधल्याकडे, धाकटा पडवीला कूड घालून राहतो. चूल वेगळी असली, तरी ग्रामपंचायतीच्या दप्तरी, म्हणजे नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर, घर एकच असते. या उताऱ्याला कोकणात सरळ ‘असेसमेंट’ म्हणतात. धाकट्याने आधी रेशनकार्ड वेगळे करून घ्यायचे, मग घरकुलाचे बोलायचे, असा रिवाज पडला आहे.

जागेचा कागद

यादीत नाव वर आले, मंजुरी जवळ आली, की पंचायत समिती जागेचा पुरावा मागते, आणि खरे प्रकरण इथे सुरू होते.

कोकणातल्या पुष्कळ गावांना घाटावरच्यासारखे आखलेले गावठाण नाही. वस्ती वाड्यावाड्यांनी डोंगरउतारावर, आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत), वरकस म्हणजे हलक्या जमिनीत विखुरलेली. घर ज्या जमिनीत उभे आहे तिचा सातबारा सामायिक असतो आणि त्यावर पंधरा-वीस नावे असणे साधी गोष्ट आहे. त्यांतले निम्मे मयत, काही मुंबईत, लग्न होऊन गेलेल्या बहिणी तीन तालुक्यांत. प्रत्येकाचा हिस्सा पैशा-आण्यात मोजला तर तो उंबऱ्याएवढाही येणार नाही, पण त्याची सही मात्र पूर्ण लागते. सहहिस्सेदारांचे संमतिपत्र हा कोकणातल्या घरकुलाचा सर्वांत महाग कागद आहे, आणि तो मुद्रांकाच्या किमतीमुळे महाग नाही.

म्हणून हुशार अर्जदार गणपतीची वाट पाहतो. भाद्रपदात सगळे चाकरमानी गावात असतात. आरती झाल्यावर, प्रसादाच्या वेळी, कागद पुढे केला जातो. कोणी लगेच सही करतो. कोणी म्हणतो, ‘अण्णांका इचारतंय, मगे बघूया.’ सही न देणारा नेहमी दुष्टच असतो असे नाही. आज घर बांधू दिले की उद्या त्या जागेवर हक्क सांगेल, ही भीती पिढ्यांच्या भाऊबंदकीतून आलेली असते आणि काही वेळा ती खरीही ठरते. गणपतीत जमले नाही, तर शिमगा.

मयतांची नावे काढण्यासाठी वारसनोंद करावी लागते. तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराची नोंद, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस. मुंबईत वारलेल्या काकाचा मृत्यूदाखला मिळवण्यातच कधी एक वर्ष जाते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, पण तिथेही सर्वांची संमती हवी. म्हणजे फिरून पुन्हा गणपती.

जमिनीच्या इतिहासाची ओझीही आहेत. खोती, म्हणजे खोतांची गाववसुलीची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने संपली आणि कूळ कायद्याने कसणाऱ्याला १ एप्रिल १९५७ पासून मालक मानले. पण घराखालचे दोन गुंठे त्या वेळी ज्यांच्या नावावर झाले नाहीत, त्यांना सातबाऱ्यावर आजही दुसऱ्याचेच आडनाव वाचावे लागते. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, गेळे, चौकुळ या गावांचा कबुलायतदार-गावकर जमिनीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. तिथे जमीन गावाची आणि घर आपले, पण व्यक्तीच्या नावाने उतारा नाही.

अगदीच जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. आरंभी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजार रुपये मिळत, पुढे ही मर्यादा १ लाख झाली. तुकडेबंदी कायद्यामुळे एवढासा तुकडा विकत घेणेच अडत होते. २०२४ च्या नियमांनी घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतची वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने मोकळी केली. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांचे अतिक्रमण नियमानुकूल करण्याचीही तरतूद आहे, पण कोकणात बहुतेक जमीन खासगी असल्याने तिचा उपयोग घाटावर होतो तितका इथे होत नाही.

किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यांत वेगळीच अडचण. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा ना-विकास ठरवला. त्यातही १०० ते २०० मीटरमध्ये पारंपरिक मच्छीमारांच्या घरांना परवानगीची सवलत ठेवली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हा पट्टा ५० मीटरवर आणला. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, कडेलाच आहेत, त्यांना मात्र आपले जुने घर जुनेच आहे, हे असेसमेंटच्या पावत्यांनी सिद्ध करावे लागते. घरपट्टीच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपणारी आजी अशा वेळी वकिलापेक्षा उपयोगी पडते.

पैसा आणि आगोट

ग्रामीण घरकुलाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये (डोंगरी व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार), त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी. २०२५ मध्ये राज्याने आणखी ५० हजारांची भर घातली, त्यांतले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत ठरली, फक्त वाहतूक आपली. नगर परिषदेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला अडीच लाख मिळतात. वेशीच्या अलीकडे-पलीकडे राहणारे दोघे चुलतभाऊ हा हिशेब एकमेकांना ऐकवत असतात.

पैसा हप्त्यांनी येतो आणि प्रत्येक हप्त्याआधी बांधकामाचा जागेवरून फोटो काढला जातो. घरकुल अभियंता येतो, मोबाइलला रेंज मिळेपर्यंत वर माळावर जातो, मग ‘फोटो पडला’ असे सांगितले जाते. जोते झाले की एक हप्ता, भिंती वर गेल्या की पुढचा. घाटमाथ्याच्या पूर्वेला हे वेळापत्रक वर्षभर चालू शकते. कोकणात जूनपासून सप्टेंबरअखेर बांधकाम होत नाही, आणि जे अर्धवट आहे ते झाकावे लागते. त्यामुळे हप्ता मार्चऐवजी मे महिन्यात सुटला, तर तो वर्ष घालवूनच सुटला. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आधी छप्पर पडले नाही, तर उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून कुटुंब भावाच्या पडवीत पावसाळा काढते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने शिरले, तेव्हा पत्र्याची छपरे नारळाच्या झावळ्यांसारखी उडाली. तेव्हापासून त्या भागात पत्र्यापेक्षा स्लॅबकडे ओढा वाढला आहे आणि स्लॅब त्या अनुदानात बसत नाही.

चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, खाणीवर मिळतो त्या भावाने वाडीवर पोहोचत नाही. रस्ता संपतो तिथे ट्रक उभा राहतो. पुढे पाखाडीच्या पायऱ्या चढत चिरा, सिमेंट, वाळू डोक्यावरून न्यावी लागते आणि ही मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. म्हणून इथली बरीच घरकुले नात्यातल्या माणसांच्या अंगमेहनतीवर आणि मुंबईच्या भावाने पाठवलेल्या पैशांवर पुरी होतात. कधी तो भाऊ संमतिपत्रावर सही करायला टाळाटाळ करणाराच असतो.

शेवटच्या फोटोत दारावर योजनेचे बोधचिन्ह आणि लाभार्थ्याचे नाव रंगवलेले दिसावे लागते. नाव शक्यतो घरातल्या बाईचे किंवा पती-पत्नी दोघांचे. तोवर जुने घर उतरवलेले असते. त्याची धड राहिलेली मंगलोरी कौले, ज्यांच्यामुळे पूर्वी घर पक्के ठरले होते, ती नव्या घराच्या पुढच्या पडवीवर चढतात.