घरगुती वर्कशॉपमधील स्प्लिट एसी (मराठवाडा)

घराच्या आवारातील पत्र्याचे शेड, गच्चीवरची खोली किंवा ओसरीला लागून काढलेली कामाची खोली थंड वा उबदार ठेवण्यासाठी वापरली जाणारी, डक्ट (हवा खेळवणारी मोठी नळी) नसलेली वातानुकूलन यंत्रणा. आतले युनिट भिंतीवर, बाहेरचे भिंतीपलीकडे आणि दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या, एवढाच तिचा पसारा. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. त्यामुळे घरीच लेथ, शिलाई, सुतारकाम किंवा मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांना दुपारचे काम बंद ठेवावे लागते, आणि एसीचा विचार तिथूनच सुरू होतो.

मात्र यंत्राच्या आधी छपराकडे पाहावे. या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे आणि दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. उघडा पत्रा मात्र तासाभरात तापतो आणि खालच्या माणसावर थेट आग ओकतो. अशा छताखाली कितीही टनाचा एसी बसवला तरी तो दिवसभर धापाच टाकत राहणार. पत्र्याला वरून पांढरा रंग, खालून थर्माकोल किंवा फोमचे अस्तर आणि मध्ये थोडी पोकळी ठेवली, तर लहान एसीवर भागते. हा खर्च आधी करणे केव्हाही शहाणपणाचे.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर नेण्याची क्षमता. राहत्या खोलीचा हिशेब वर्कशॉपला लागू पडत नाही, कारण इथे यंत्रेही तापतात. एक अश्वशक्तीची लेथची मोटार आणि ८५० वॅटचा ग्राइंडर पूर्ण भाराने एकत्र चालले, तर त्यांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते. एक टनाची निम्मी क्षमता तिथेच खर्ची पडते. ऊन आणि माणसे वेगळीच. शिवाय एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. परभणी-नांदेडच्या ४३ अंशांत ती घटते. म्हणून बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नये. सावलीत आणि मोकळ्या हवेत बसवावे.

स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. वेल्डिंगचा धूर, थिनरचा वास, सनमायका कापतानाची धूळ हे सगळे बंद खोलीत साचते. एसी चालू म्हणून एक्झॉस्ट फॅन बंद ठेवणे जिवाशी खेळ आहे. वेल्डिंग आणि रंगकाम शक्यतो अंगणातच करावे; आत करायचे झाल्यास एसी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. लाकडाच्या भुशाने एसीची जाळी फार लवकर भरते, तेव्हा सुतारकामाच्या खोलीत ती आठवड्याला धुणेच बरे.

कूलर अजूनही स्वस्त पडतो आणि कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो. पण त्याला पाणी लागते, तेही नेमके टंचाईच्या महिन्यांत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. शिवाय कूलरच्या दमट हवेने लेथचा बेड आणि मोजमापाची हत्यारे गंजतात. पावसाळ्यात तर कूलर निरुपयोगीच. तेव्हा एसीचा ड्राय मोड, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेण्याची सोय, हत्यारे कोरडी ठेवतो. रेशमाच्या मागाचे मात्र उलटे. हवा फार कोरडी झाली की धागा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून पैठणसारख्या ठिकाणी मागाच्या खोलीत एसी लावायचा तर ओलाव्याची सोय वेगळी करावी लागते.

हिवाळ्यासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेल मिळते. त्यातला व्हॉल्व्ह नळ्यांतून उष्णता वाहून नेणाऱ्या गॅसचा प्रवाह उलटवतो आणि बाहेरची उष्णता आत येते. हीटरची कॉइल एका युनिट विजेतून एकच युनिट ऊब देते, तर हे यंत्र साधारण तिप्पट देते. परभणीला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली उतरतो, पण दुपारी ऊन पडतेच. त्यामुळे पहाटे कामाला बसणाऱ्यालाच जादा किंमत परवडते. त्या थंडीत फेव्हिकॉल नीट धरत नाही, तेव्हा सुताराला त्याचा खरा उपयोग होतो.

एसीला स्वतंत्र वायर, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग हवे. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरही. नळ्या जोडल्यावर मेकॅनिकने त्यातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, नुसता गॅस सोडून हवा ढकलणे पुरेसे नाही. दरवर्षी ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे सांगितले जाते. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटजवळ, आणि ती साबणाच्या फेसाने शोधून बंद केल्याशिवाय पुन्हा गॅस भरू देऊ नये.