सामाजिक शास्त्रांचे सरकारी अनुदान आणि २०२३ च्या कायद्याने घातलेली मर्यादा

अनेक विद्याशाखांना एकत्र आणणाऱ्या सामाजिक संशोधनाला सरकारी पैसा कोणत्या वाटेने मिळावा, हा प्रश्न संशोधनाला निधी देणाऱ्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यापासून पुन्हा ऐरणीवर आला आहे. नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी, पर्यावरण, आरोग्य आणि शेती ही क्षेत्रे या कायद्याने पूर्णपणे प्रतिष्ठानाच्या कक्षेत आणली. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांचा मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडणारा भाग तेवढाच घेतला. ही मर्यादा नेमकी कुठून आली, याचे सरळ उत्तर जुन्या कागदपत्रांत सापडत नाही. तरीही ती आकाशातून पडलेली नाही, हे गेल्या सत्तर वर्षांचा व्यवहार पाहिला की लक्षात येते.

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्राला केंद्राचा पैसा प्रथम मिळाला तो नियोजनाच्या निमित्ताने. नियोजन आयोगाने १९५३ साली नेमलेली संशोधन कार्यक्रम समिती विद्यापीठांना आणि संस्थांना प्रकल्प देत असे, आणि आराखड्याला उपयोगी पडणारी माहिती ही त्यामागची साहजिक अपेक्षा होती. आयोगानेच १९६५ साली नेमलेल्या दुसऱ्या एका समितीने सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र, स्वायत्त परिषद असावी अशी शिफारस केली आणि १९६९ मध्ये ती परिषद (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) दिल्लीत उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष पुण्याचे अर्थतज्ज्ञ होते आणि त्या वेळी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. पहिले सदस्य-सचिव मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ होते आणि १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे काम त्यांनी याच पदावरून सांभाळले होते. परिषद स्वायत्त म्हणून जन्मली असली, तरी नियोजनाच्या घरातच ती वाढली.

परिषदेने सत्तरच्या दशकात स्वीकारलेला मार्ग आज काहीसा विसरला गेला आहे. विद्यापीठांतील विभागांच्या भिंती तोडण्याच्या फंदात न पडता तिने विद्यापीठांबाहेरच्या संशोधन संस्थांना नियमित वार्षिक अनुदान देण्याचे धोरण आखले, आणि राज्यांतील संस्थांच्या बाबतीत खर्चाचा निम्मा वाटा राज्य सरकारने उचलावा अशी व्यवस्था ठेवली. अशा संस्थेत अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि लोकसंख्याशास्त्राचा माणूस एकाच छपराखाली, एकाच पगारपत्रकावर असे. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी वेगळी योजना काढण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ती सोय संस्थेच्या रचनेतच होती. अनुदानाचा मोठा भाग पगारावर खर्ची पडतो, ही टीका पुढे वारंवार झाली आणि ती खोटी नव्हती. पण प्रश्न पक्का होण्याआधीच माणसे एकत्र बसलेली असत ती या पगारामुळेच, ही बाजू टीकाकारांनी फारशी विचारात घेतली नाही.

नव्वदच्या दशकानंतर पगार आणि महागाई वाढत गेली, अनुदान मात्र त्या वेगाने वाढले नाही. राज्यांचा निम्मा वाटा कधी उशिरा, कधी अपुरा येई. परिषदेचा आढावा घेणाऱ्या चौथ्या समितीने २००७ मध्ये फेररचना सुचवली. तेव्हापासून बोलबाला झाला तो प्रकल्प अनुदानाचा: जाहिरात, विहित नमुन्यातला अर्ज, तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण, हप्त्यांनी रक्कम, आणि पुढच्या हप्त्याआधी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीची रक्कम ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला. अशा अर्जात मुख्य संशोधकाची विद्याशाखा लिहावी लागते आणि त्यावरून प्रस्ताव कोणत्या तज्ज्ञाकडे जाणार हे ठरते. दोन शाखांच्या मधला प्रस्ताव मग एकाला उथळ वाटतो आणि दुसऱ्याला परका.

ही अडचण ओळखून २०१८ आणि २०१९ मध्ये दोन योजना आल्या. पहिली ‘इम्प्रेस’. धोरणोपयोगी सामाजिक संशोधनासाठी ४१४ कोटी रुपये, सुमारे १५०० प्रकल्प, मुदत मार्च २०२१ पर्यंत, आणि विषयांची विभागणी विद्याशाखांऐवजी अकरा क्षेत्रांत: शहरांचे रूपांतर, आरोग्य आणि पर्यावरण, समाजमाध्यमे आणि तंत्रज्ञान, शेती आणि ग्रामविकास अशी. हा बदल स्वागतार्ह होता, मात्र हिशोब मांडला तर एका प्रकल्पाच्या वाट्याला सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस लाख रुपये येतात, आणि तेही जेमतेम दोन वर्षांसाठी. वेगवेगळ्या शाखांच्या माणसांना एकमेकांची भाषा कळू लागेपर्यंतच तेवढी मुदत सरते.

दुसरी योजना ‘स्ट्राइड’. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये आणलेल्या या योजनेचे तीन भाग होते, आणि त्यांतील तिसरा भाग तत्त्वज्ञान, इतिहास, पुरातत्त्व, भाषाविज्ञान अशा विषयांसाठी राखलेला होता. त्यात एका संस्थेला एक कोटीपर्यंत, तर अनेक संस्थांच्या जाळ्याला पाच कोटींपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. मानव्यविद्यांना एवढ्या मोठ्या रकमेची दारे याआधी क्वचितच उघडली गेली होती.

याच सुमारास नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाची कल्पना आकार घेत होती, आणि वादाचे मूळ तिथे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ मधील मसुद्यात या प्रतिष्ठानासाठी वर्षाला २०,००० कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१ टक्का, सुचवले होते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला व मानव्यविद्या असे चार विभाग कल्पिले होते. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या अंतिम धोरणातही सर्व विद्याशाखांना कवेत घेणारे प्रतिष्ठान हीच भूमिका कायम राहिली. सामाजिक शास्त्रांना तिथे पाहुण्याचे नव्हे, घरच्या माणसाचे स्थान होते.

तीन वर्षांनी आलेल्या विधेयकात हे स्थान उरले नाही. विधेयक ४ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि ९ ऑगस्टला राज्यसभेनेही ते संमत केले. सहा दिवसांत पार पडलेल्या या प्रवासात व्याप्तीच्या शब्दांवर खल होण्याला वाव कितीसा असणार? मर्यादेच्या बाजूने दोन युक्तिवाद करता येतात. एक, सामाजिक शास्त्रांसाठी शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत १९६९ पासून वेगळी परिषद आहेच, मग दुहेरी व्यवस्था कशाला? दोन, नव्या प्रतिष्ठानाची प्रशासकीय सूत्रे विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडे आहेत, आणि विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणाऱ्या २००८ च्या मंडळाला त्याने पोटात घेतले आहे, तेव्हा त्याचा कल त्या बाजूला असणे ओघानेच आले. दोन्ही युक्तिवाद प्रशासनाच्या सोयीचे आहेत. संशोधनाचे प्रश्न मात्र मंत्रालयांची वाटणी पाहून जन्माला येत नाहीत.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न घ्या. तो २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. या प्रश्नाचा एक धागा वैद्यकशास्त्राचा आहे आणि दुसरा दुष्काळ व पाण्याचा. तिसरा मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या उचलीचा आहे: नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पाळीमुळे वा आजारपणामुळे एक दिवस चुकला तर खाड्याचा दंड भरावा लागतो. चौथा खासगी दवाखान्यांच्या अर्थकारणाचा आणि पाचवा जातीचा. २०२० च्या धोरणाच्या चौकटीत हे पाचही धागे एका प्रस्तावात मांडता आले असते. २०२३ च्या कायद्याच्या चौकटीत पहिले दोन निर्विवाद बसतात. उचलीचा हिशोब आणि खाडा हे ‘तंत्रज्ञानाला भिडणारे’ आहेत की नाहीत, हे छाननी करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. शहाणा अर्जदार मग ते दोन्ही कमी करून एखादे मोबाइल ॲप जोडतो. प्रस्ताव मंजूर होण्याची शक्यता वाढते, पण स्त्रिया शस्त्रक्रियेला का तयार होतात, याचे उत्तर मिळण्याची शक्यता घटते.

पैशाच्या बाजूनेही चित्र बदलले आहे. मसुद्यातल्या वर्षाकाठी २०,००० कोटींच्या जागी आता २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी एकूण ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, दानशूर संस्था अशा सरकारबाह्य स्रोतांतून यावेत अशी अपेक्षा आहे. बॅटरी किंवा औषधाच्या संशोधनात उद्योग पैसा घालतील, कारण परतावा दिसतो. कंत्राटी मजुरीच्या अभ्यासात, तेही ज्या उद्योगाची मजुरी तपासायची त्यानेच, पैसा का घालावा, याचे उत्तर या आराखड्यात मिळत नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीचा रोखही खासगी क्षेत्रातील तंत्रज्ञानाकडेच आहे.

जुनी परिषद आपल्या जागी आहे. अल्पमुदतीचे प्रकल्प, शिष्यवृत्त्या, सरकारी योजनांच्या परिणामांचे अभ्यास असे तिचे काम चालू आहे. मधल्या काळात नियोजन आयोगच २०१५ मध्ये इतिहासजमा झाला, त्यामुळे ज्या दीर्घ आराखड्यासाठी ही शास्त्रे सरकारला हवीशी वाटत होती, ते कारणही उरले नाही. प्रतिष्ठानाचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे आणि व्याप्तीच्या त्या ओळीचा अर्थ यापुढे प्रत्येक जाहिरातीच्या अटींतून ठरत जाणार आहे. उचल आणि खाडा यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला तूर्त दोन अर्ज भरावे लागतील: एक आरोग्याच्या धाग्यापुरता प्रतिष्ठानाकडे आणि दुसरा मजुरीच्या धाग्यापुरता परिषदेकडे, तेही दोन वेगळ्या मंत्रालयांच्या वेळापत्रकांनुसार.