सांगलीत गाणं आणि नाटक एकाच मांडवात का?

सांगली-मिरजेच्या महोत्सवात आदल्या रात्री ख्यालगायन, म्हणजे शास्त्रीय गाणं, आणि दुसऱ्या रात्री नाटक असलं की बाहेरगावच्या पाहुण्याला ती खिचडी वाटते. इथल्या माणसाला वाटत नाही. इथं नाटक जन्मलं तेच गात गात.

कर्नाटकातून आलेल्या, पुराणातल्या कथा गाऊन-नाचून दाखवणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. आज आपण ज्याला नाटक म्हणतो त्यातलं फार थोडं त्यात होतं. सूत्रधार पदं म्हणायचा, गणपती यायचा, मोरावर बसून सरस्वती यायची, विदूषक मध्ये मध्ये लुडबुडायचा. पदात सांगून झालेला प्रसंग पात्रांनी ऐनवेळी सुचेल तसा बोलायचा आणि राक्षसांनी आरडाओरडा करत तलवारी परजायच्या. पाठ करायला संवाद नव्हतेच. बांधून ठेवलेली होती ती पदं.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय आटला. भावे आपली नाटकमंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. माझ्या मते 'सीतास्वयंवरा'इतकीच ही घटना मोठी. दरबारात बोलावलेला माणूस मान डोलावतो. पैसे मोजलेला नाक मुरडू शकतो.

१८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'नं गाणं सूत्रधाराकडून पात्रांच्या तोंडी आणलं. मग सांगलीजवळच्या आपल्या हरिपूरच्या देवलांचं 'शारदा', सांगलीच्याच खाडिलकरांचं 'मानापमान' (१९११). 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नाट्यपदांना शास्त्रीय गाण्यातल्या बंदिशींच्या चाली मिळू लागल्या आणि ज्यानं कधी मैफलीची पायरी चढली नव्हती, तो पेठेतला दुकानदारही भीमपलास गुणगुणू लागला, रागाचं नाव माहीत नसताना. पुढे बालगंधर्व झालेले नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीतून शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते १९०५ साली, मिरजेत. तिथल्या नाट्यगृहाला आज त्यांचंच नाव आहे.

मिरजेचा दुसरा धागा दर्ग्यातला. ख्यालगायकीतल्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले; १९३७ मध्ये त्यांचं निधन दूर तामिळ मुलखातल्या रेल्वे स्टेशनावर झालं, पण दफन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसात तिथं रात्ररात्र गाणं चालतं, तिकीट नाही, पत्रिका नाही. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व मात्र संगीत नाटकात गाजले. म्हणजे धागे पुन्हा एकमेकांत गुंतलेच.

आणि वाद्यं? तीही इथलीच. मिरजेच्या सतारमेकरांच्या तानपुऱ्याला आता भौगोलिक मानांकन आहे. कारागीर, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानसेनं घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो. नेमक्या जागी आला की स्वर एकदम उमलतो. याला जवारी काढणं म्हणतात. म्हणून महोत्सवात गवई अजून तानपुरा लावत असतानाच मागच्या रांगेतले एखादे काका शेजाऱ्याला सांगतात, "दोरा जरा पुढं घ्यायला हवा." बऱ्याचदा गवईही तेच करतो.