जंगल राखल्याचे डॉलर थेट खात्यात येतात का?

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या ग्रुपवर एक मेसेज लै वर्षं फिरतोय, की "रेड प्लस"मध्ये (जंगलतोड कमी केल्याबद्दल विकसनशील देशांना पैसा द्यायची संयुक्त राष्ट्रांची व्यवस्था) गरीब देशानं नुसती सही केली की जंगल राखल्याचे डॉलर चालू होतात आणि ते मालकी रानवाल्याच्या खात्यात जमा होतात. साफ चुकीचं आहे हे. कृपा करून ह्याच्या नादानं कुणा एजंटाला फाईलचे पैसे देऊ नका.

2010 ला मेक्सिकोतल्या कानकूनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ह्यासाठी विकसनशील देशांना चार गोष्टी तयार करायला सांगितल्या, राष्ट्रीय धोरण, आधारपातळी, जंगल मोजायची यंत्रणा, आणि स्थानिकांचे हक्क नि जैवविविधता जपल्याची माहिती. ह्यात आधारपातळी लै महत्त्वाची, म्हणजे आधीच्या वर्षांत जंगलतोडीमुळं किती कार्बन हवेत जात होता तो आकडा, आणि पैसा मागायचा तर त्याच्या खाली येऊन दाखवावं लागतं, तेही बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासल्यावर. ब्राझीलनं हा आकडा सगळ्यात आधी 2014 ला दिला, तरी ग्रीन क्लायमेट फंडाचे (हवामानाच्या कामांना पैसा देणारा जागतिक निधी) 9.65 कोटी डॉलर मंजूर व्हायला 2019 उजाडलं बघा! भारताचं धोरण 2018 ला आलं. आणि हिशोब होतो तो अख्ख्या देशाचा नाहीतर मोठ्या प्रदेशाचा, तुमचा सातबारा दाखवून ह्यात अर्ज करायची सोयच नाही.