'टर्न ऑफ' आणि 'लुक आफ्टर': एका यादीत मिसळलेली दोन जातींची क्रियापदे

इंग्रजी शिकणाऱ्याच्या हाती फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापद आणि एक छोटा शब्द यांच्या जोड्यांची, जी यादी पडते, ती सहसा वर्णानुक्रमे लावलेली असते. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक अप' म्हणजे कोशात अर्थ पाहणे. अर्थ पाठ होतात, परीक्षेतल्या गाळलेल्या जागाही बिनचूक भरल्या जातात, आणि तरीही प्रत्यक्ष बोलण्याची वेळ आली की 'लुक इट अप' ऐवजी 'लुक अप इट' असे वाक्य तोंडातून निघून जाते. पाठांतर कमी पडले, असे याचे कारण सांगितले जाते. ते खरे नाही. त्या एका यादीत दोन निराळ्या जातींची क्रियापदे मिसळलेली असतात, आणि यादी फक्त अर्थ सांगते, जात सांगत नाही.

पहिली जात 'टर्न ऑफ'ची. 'टर्न ऑफ द लाइट' म्हणताना 'ऑफ' हा छोटा शब्द क्रियापदाचा सोबती असतो. दोघांनी मिळून 'बंद करणे' हा अर्थ तयार होतो आणि 'लाइट' हे त्या जोडीचे कर्म असते. काटेकोरपणे बोलणारे व्याकरणकार फ्रेजल व्हर्ब हे नाव फक्त या जातीला देतात आणि त्या छोट्या शब्दाला पार्टिकल म्हणतात. दुसरी जात 'लुक आफ्टर'ची. येथे 'आफ्टर' पुढच्या नामाशी बांधलेला असतो. 'सांभाळणे' हा अर्थ 'लुक' आणि 'आफ्टर' एकत्र आल्यामुळेच मिळतो हे खरे. पण वाक्याच्या रचनेत 'आफ्टर द चाइल्ड' हा एक अखंड तुकडा राहतो, आणि तो तोडून 'चाइल्ड' मध्ये घालता येत नाही. या क्रियापदांना प्रेपोझिशनल व्हर्ब म्हणतात, आणि त्यांतल्या छोट्या शब्दाला प्रेपोझिशन. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच आहे: तो छोटा शब्द कोणाचा, क्रियापदाचा की नामाचा?

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला हा भेद नवा वाटण्याचे खरे तर कारण नाही. शाळेच्या व्याकरणात आपण क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय यांतला फरक शिकलेले असतो. 'तो मागे वळला' या वाक्यात 'मागे' सुटा आहे, क्रियापदाबद्दल काही सांगतो, म्हणून ते क्रियाविशेषण. 'तो घरामागे गेला' या वाक्यात तोच 'मागे' नामाला चिकटला, त्याने 'घर'चे 'घरा' असे सामान्यरूप करायला लावले, म्हणून तो शब्दयोगी. मराठी हा भेद लिहिण्यातच दाखवते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी शब्द सुटाच लिहिला जातो आणि नामाचे रूपही बदलत नाही, त्यामुळे भेद डोळ्यांना दिसत नाही. दिसत नसला तरी तो तेथे असतोच, आणि वाक्यातल्या शब्दांच्या जागा तोच ठरवतो.

हे पाहण्यासाठी इंग्रजी व्याकरणात नेहमी दिली जाणारी एक जोडी घेऊ: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात तो टेकडी धावत चढला, दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. एका अक्षराचा फरक सोडला तर दोन्ही वाक्ये सारखी आहेत. पण पहिल्यातला 'अप' टेकडीचा आहे, म्हणून 'द हिल अप व्हिच ही रॅन' असे म्हणता येते. दुसऱ्यातला 'अप' क्रियापदाचा आहे, म्हणून तशी रचना बिलाच्या बाबतीत चालत नाही. बिलासाठी सर्वनाम आले तर 'रॅन इट अप', टेकडीसाठी आले तर 'रॅन अप इट'.

ही सर्वनामाची कसोटी सर्वांत भरवशाची आहे. पार्टिकलच्या जातीत कर्म नाम असेल तर ते दोन्हीकडे चालते, म्हणजे 'टर्न ऑफ द लाइट' बरोबर आणि 'टर्न द लाइट ऑफ'ही बरोबर. पण कर्माच्या जागी 'इट', 'हिम', 'देम' असे सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे. प्रेपोझिशनच्या जातीत नाम असो वा सर्वनाम, ते नेहमी शेवटीच येते: 'लुक आफ्टर हिम', 'वेट फॉर देम'. क्रियाविशेषणाचीही साक्ष काढता येते. 'शी लुक्ड केअरफुली ॲट द लेटर' हे निर्दोष वाक्य आहे, कारण क्रियापद आणि प्रेपोझिशन यांच्यामध्ये फट आहे. 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' मात्र इंग्रजी कानाला खटकते.

कानाचा उल्लेख आला म्हणून आघाताबद्दलही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या वर्गांत ते क्वचितच सांगितले जाते. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो. 'लुक ॲट इट' म्हणताना जोर 'लुक'वर पडतो आणि 'ॲट' इतका पुसट होतो की तो जेमतेम ऐकू येतो. बातम्या किंवा मुलाखती ऐकताना याकडे लक्ष दिले, तर कोणता छोटा शब्द कोणाचा आहे हे नियम न आठवताही पुष्कळदा कळते.

एकच क्रियापद आणि एकच छोटा शब्द दोन्ही जातींत वावरतो, तेव्हा जागेचा प्रश्न सरळ अर्थाचा होतो. 'सी' आणि 'थ्रू' ही जोडी पाहा. 'शी सॉ थ्रू हिम' म्हणजे तिने त्याचे सोंग ओळखले, तो वरून काय दाखवतो आणि आतून काय आहे हे तिला कळून चुकले. 'शी सॉ हिम थ्रू' म्हणजे कठीण काळात ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि त्याला त्यातून पार नेले. चारही शब्द तेच, फक्त 'हिम'ची जागा बदलली, आणि संशयाचे वाक्य आधाराचे झाले. 'सी इट थ्रू' म्हणजे हाती घेतलेले काम तडीस नेणे, तेही याच पार्टिकलच्या घरातले. 'गेट ओव्हर इट' म्हणजे दुःखातून किंवा धक्क्यातून सावरणे. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसे काम एकदाचे उरकून टाकणे. अशा ठिकाणी नुसते अर्थ पाठ करणाऱ्याची फसगत होणारच.

हा गोंधळ आजचा नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत असे लिहिले आहे की क्रियापदाला मागून छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक अडचणीची ठरते. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'ब्रेक ऑफ' म्हणजे एकाएकी थांबणे आहे आणि 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणे हेही आहे. आजच्या कसोट्या लावल्या तर पहिले पार्टिकलचे आणि दुसरे प्रेपोझिशनचे ठरते. फ्रेजल व्हर्ब हे नाव पुढे 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनातून रूढ झाले, आणि ते हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवल्याचे त्यांनीच नोंदवले आहे.

अर्थाच्या अंगाने पाहिले तर मराठी भाषकाजवळ एक मोठी शिदोरी आहे, आणि ती वापरली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. पार्टिकल जे काम करतो, ते मराठीत बहुधा दुसरे क्रियापद करते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे, 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे, 'राइट डाउन' म्हणजे लिहून घेणे किंवा लिहून ठेवणे. नुसते 'खाणे' आणि 'खाऊन टाकणे' यांतला फरक मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. 'ईट' आणि 'ईट अप' यांतला फरक तोच आहे, क्रिया पूर्णत्वाला गेल्याचा. उलट, प्रेपोझिशनल व्हर्ब मराठीत आणली की तो छोटा शब्द पुष्कळदा नामाला जाऊन चिकटतो: 'डिपेंड ऑन हिम' म्हणजे त्याच्यावर अवलंबून असणे, 'लुक ॲट मी' म्हणजे माझ्याकडे बघ. हा मेळ दर वेळी बसत नाही. 'लुक आफ्टर'साठी आपल्याकडे 'सांभाळणे' हे एकच क्रियापद आहे, 'पुट ऑफ'साठी 'पुढे ढकलणे'. म्हणून मराठी रूपावरून अंदाज बांधावा, निकाल मात्र सर्वनामाच्या जागेवरून द्यावा.

मराठीने इंग्रजीकडून काय उचलले हेही येथे पाहण्याजोगे आहे. चेकअप, बॅकअप, ब्रेकअप, टेकऑफ, वर्कआउट, आणि 2020 साली घरोघरी पोहोचलेला लॉकडाऊन, ही सगळी नामे पार्टिकलच्या जातीतून आलेली आहेत. क्रियापद आणि पार्टिकल यांची गाठ इतकी पक्की असते की त्यांचे सहज एक नाम होते. 'वेट फॉर' किंवा 'लुक ॲट' यांचे तसे नाम इंग्रजीतही झालेले नाही. आपण 'फॅन ऑन कर' म्हणतो, नोकरीसाठी रोज 'अप-डाऊन' करतो. 'ॲट' किंवा 'फॉर' मात्र असे एकटे मराठीत येऊन राहिलेले नाहीत.

'अवे' आणि 'बॅक' हे शब्द नेहमी पार्टिकलच असतात, आणि 'ॲट', 'फॉर', 'फ्रॉम', 'इन्टू', 'विथ' हे नेहमी प्रेपोझिशन. एवढे लक्षात ठेवले तरी बराच भार हलका होतो. खरी दक्षता 'अप', 'डाउन', 'ऑन', 'ऑफ', 'इन', 'ओव्हर', 'थ्रू' या दोन्हीकडे वावरणाऱ्यांच्या बाबतीत घ्यावी लागते.

तीन शब्दांची क्रियापदे वेगळी जात नव्हे. त्यांत आधी पार्टिकल आणि मग प्रेपोझिशन, असे दोन्ही एकापाठोपाठ येतात. 'पुट अप विथ इट' म्हणजे ते सहन करणे. येथे शेवटचा शब्द प्रेपोझिशन असल्यामुळे 'इट' त्याच्या मागेच जाते. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हाही प्रेपोझिशन आहे, आणि म्हणूनच पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू हिअर' न लिहिता 'टू हिअरिंग' लिहावे लागते. भारतात सर्रास ऐकू येणारे 'कोप अप विथ' हे 'पुट अप विथ' आणि 'कीप अप विथ' यांच्या धर्तीवर झाले असावे. प्रमाण इंग्रजीत 'कोप' या क्रियापदाला पार्टिकल लागत नाही, 'कोप विथ' एवढेच पुरते.

वहीत नवे क्रियापद उतरवून घेताना 'टर्न ऑफ' असे न लिहिता 'टर्न इट ऑफ' असे, आणि 'लुक आफ्टर' असे न लिहिता 'लुक आफ्टर इट' असे लिहावे. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोशही 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द योग्य जागी घालून क्रियापदाची नोंद देतात. अर्थ वाचण्याआधी नजर त्या जागेकडे जावी.