गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही

लंडनच्या पश्चिमेला स्लाउ हे गाव आणि त्याला लागून मोठी औद्योगिक वसाहत आहे. 1960 च्या दशकात या वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये ‘एपी फिल्म्स’ नावाची छोटी संस्था कळसूत्री बाहुल्यांच्या दूरचित्रवाणी मालिका बनवत होती. गेरी अँडरसन आणि आर्थर प्रोव्हिस यांनी ती 1957 मध्ये काढली. लोकांना बाहुल्या आठवतात. आमच्या मते संस्थेची खरी कमाई म्हणजे डेरेक मेडिंग्ज यांचा मिनिएचर, म्हणजे लहान मॉडेलांचा, विभाग. 1965 मध्ये सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ मालिकेतली विमाने, रॉकेटे आणि पूल टेबलावर मावतील एवढे होते, पण पडद्यावर ते शेकडो टनांचे वाटत. हे वजन मुख्यतः कॅमेऱ्याच्या वेगातून येत असे.

50 मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे 3.2 सेकंद लागतात. त्याच इमारतीचे 25 पट लहान, म्हणजे 2 मीटरचे मॉडेल केले, तर वरून सुटलेला तुकडा 0.64 सेकंदात खाली येतो. लांबी 25 पट कमी झाली, वेळ मात्र फक्त पाचपट. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून हे घडते. नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम, चित्रण केले तर प्रेक्षकाचा डोळा क्षणात ओळखतो की हे खेळणे आहे. उपाय साधा आहे: मॉडेल जितके पट लहान, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि कॅमेरा तितक्या पट वेगाने चालवायचा. 25 चे वर्गमूळ 5, म्हणून 24 गुणिले 5, म्हणजे 120 फ्रेम. ही फिल्म पडद्यावर नेहमीच्या 24 फ्रेमनेच दाखवली की पडणे पाचपट संथ दिसते. मेडिंग्ज यांचे कॅमेरे स्फोट आणि कोसळण्याच्या दृश्यांसाठी याच वेगाने धावत.

इथून पुढे अडचणींची साखळी सुरू होते. सेकंदाला 120 फ्रेम म्हणजे 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 450 फूट सरकते. 400 फुटांचे रीळ मिनिटभरही पुरत नाही. कॅमेरा पूर्ण वेगात येईपर्यंत काही फिल्म वाया जाते, त्यामुळे सुरुंग त्याआधी उडाला तर दृश्य गेले आणि मॉडेलही गेले. शिवाय प्रत्येक फ्रेमला पाचपट कमी वेळ प्रकाश मिळतो. त्यात मॉडेल जवळून टिपायचे असते आणि पुढचे-मागचे सगळे स्पष्ट दिसायला हवे, नाहीतर पार्श्वभूमीच्या धूसरपणावरूनच आकार उघडा पडतो. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करून एफ-4 वरून एफ-16 वर आणले (आकडा मोठा, तितके छिद्र लहान), तर आणखी 16 पट प्रकाश लागतो. दोन्ही मिळून 80 पट! एवढ्या दिव्यांखाली रंगाला फोड येतात, प्लॅस्टिकचे पातळ भाग वाकतात.

सर्वांत अवघड प्रश्न वेगाचा. खरे विमान ताशी 250 किलोमीटरने धावपट्टीला टेकते असे धरू. 25 पट लहान मॉडेलने पाचपट कमी वेगाने, म्हणजे ताशी 50 किलोमीटरने धावायला हवे. दहा मीटरचा स्टुडिओ ते पाऊण सेकंदात ओलांडेल! मेडिंग्ज यांनी विमान जागेवर ठेवून रस्ताच पळवला. दोन टोकांच्या फिरत्या रुळांवर (रोलरवर) ताणलेला कॅनव्हासचा अखंड पट्टा म्हणजे धावपट्टी. कॅमेऱ्याजवळचा पट्टा सर्वांत वेगात, मागचा त्याहून हळू, आणि आकाशाचा पडदा सर्वांत संथ. वेगांचा हा फरक चुकला तर दृश्यातली खोली नाहीशी होते. पट्टा किंचित तिरपा ताणला गेला तरी तो रुळांवरून एका बाजूला सरकतो, आणि जोडाची शिवण जाड असेल तर दर फेरीला मॉडेल उडी मारते.

विमाने टंगस्टनच्या बारीक तारांवर टांगत. याच तारांतून वीज सोडून शेपटीतल्या जेटेक्स या छोट्या खेळण्यातल्या रॉकेटच्या इंधनगोळ्या पेटवल्या जात. गाड्यांच्या पोटाशीही त्या बसवत, म्हणजे चाकांमागे धुळीचा लोट उठे. तारा दिव्यात चमकत, म्हणून त्यांवर पार्श्वभूमीशी जुळणारा रंग द्यावा लागे. ‘थंडरबर्ड्स’च्या पहिल्याच भागाच्या चित्रणात, उतरत्या विमानाला खालून सावरणाऱ्या एका गाडीची तार तुटली आणि ती भरकटून आपटली. दृश्य इतके जमले होते की त्यासाठी कथेतच जागा केली गेली.

पृष्ठभागावरची कारागिरीही महत्त्वाची. नवाकोरा गुळगुळीत रंग मॉडेलचा घात करतो. म्हणून बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडणी-संचांतले बारीक भाग चिकटवायचे, पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा पेन्सिलीने ओढायच्या आणि तेलाचे, काजळीचे डाग द्यायचे. या बारकाव्यांमुळे डोळ्याला मोजमापासाठी आधार मिळतो.

पाणी मात्र कोणत्याही फ्रेमवेगाला दाद देत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, ठरवतो, आणि मॉडेल लहान केले म्हणून पृष्ठताण बदलत नाही. चार मिलिमीटरचा थेंब 25 पट लहान जहाजाशेजारी दहा सेंटिमीटरचा दिसतो. ‘स्टिंगरे’ या आधीच्या मालिकेत पाण्याखालची दृश्ये म्हणूनच कोरडी घेत: कॅमेऱ्यासमोर मासे आणि बुडबुडे असलेली अरुंद काचेची टाकी, तिच्यामागे तारांवर टांगलेली पाणबुडी. समुद्राच्या पृष्ठभागासाठी टाकी काठोकाठ भरून मागच्या कडेवरून पाणी सांडू देत, त्यामुळे काठ लपून क्षितिज तयार होई.

लाटांवर चालणारे जहाज हवे असेल, तर मॉडेल मोठे करण्यावाचून मार्ग नाही. स्लाउ सोडल्यानंतर मेडिंग्ज यांनी 1977 च्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी महाकाय तेलवाहू जहाज बनवले, तेव्हा ते 63 फूट लांब होते आणि त्याचे चित्रण बहामाच्या उघड्या समुद्रात झाले.